'सगळ्यांत उंच' इंग्रजीत कसं म्हणायचं: सुपरलेटिव्ह पायरीपायरीने

उंच मुलगा, त्याच्यापेक्षा उंच मुलगा, सगळ्यांत उंच मुलगा. तिन्ही ठिकाणी 'उंच' हा शब्द जसाच्या तसा आहे. तुलनेचं सगळं काम शेजारी उभे असलेले 'पेक्षा' आणि 'सगळ्यांत' करतात. 'मोठा'चं 'मोठी' किंवा 'मोठे' होतं खरं, पण ते लिंग-वचनामुळे होतं, तुलनेमुळे नाही. इंग्रजीत नेमकं उलटं घडतं. मुलगा असो, मुलगी असो, दहा मुलं असोत, 'टॉल' तसाच राहतो. पण तुलना आली की तो शब्द स्वतःच बदलतो: टॉल, टॉलर, टॉलेस्ट.

मराठी माणसाची सुपरलेटिव्हमधली बहुतेक गडबड या एका फरकातून येते. डोक्यात 'सगळ्यांत' असतं, त्याची जागा भरायला 'मोस्ट' पुढे येतं, आणि शाळेत घोकलेलं 'टॉलेस्ट' मागून येऊन चिकटतं. झालं 'मोस्ट टॉलेस्ट'. मी मोठ्या वयाच्या लोकांना इंग्रजी शिकवते, आणि नव्या तुकडीत पहिल्याच आठवड्यात हे कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतं. म्हणून सगळ्या नियमांआधी एकच गोष्ट पक्की करा: इंग्रजीत 'सगळ्यांत'चं ओझं एकाच जागी ठेवायचं असतं. शब्दाच्या शेपटीला 'एस्ट' लावून, नाहीतर शब्दाच्या पुढे 'मोस्ट' ठेवून. दोन्हीकडे कधीच नाही.

ही शेपटी आपल्याला वाटते तितकी परकीही नाही. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ या शब्दांतला 'इष्ठ' हा संस्कृतातला 'सगळ्यांत' सांगणारा प्रत्यय आहे, आणि इंग्रजीतला 'एस्ट' त्याच जुन्या मुळातून आला आहे. जेवणाला आपण 'स्वादिष्ट' म्हणतो, तो शब्द आणि इंग्रजीतला 'स्वीटेस्ट' हे सख्खे भाऊ आहेत. 'तम' हा दुसरा प्रत्यय तर लसावि-मसाविमध्ये रोज भेटायचा: लघुतम म्हणजे सगळ्यांत लहान, महत्तम म्हणजे सगळ्यांत मोठा. शेपटी लावून 'सगळ्यांत' म्हणायची ही रीत आपण वापरत आलो आहोत, फक्त आता ती आपल्या कानाला सुटी ऐकू येत नाही. 'सर्वश्रेष्ठ' म्हणताना आपण 'सर्व'ही लावतो आणि 'इष्ठ'ही, आणि मराठीत ते खपून जातं. आजच्या प्रमाण इंग्रजीत खपत नाही.

पहिली पायरी: टाळ्या मोजा

शेपटी की 'मोस्ट', हे शब्दाच्या अर्थावर ठरत नाही, त्याच्या उच्चाराच्या लांबीवर ठरतं. लांबी मोजायची ती अक्षरं मोजून नाही, ठेके मोजून. शब्द म्हणा आणि प्रत्येक ठेक्याला एक टाळी द्या. 'टॉल' एक टाळी. 'हॅपी' दोन. 'ब्यूटिफुल' तीन. गोंधळ होत असेल तर हनुवटीखाली तळहात धरा आणि शब्द नेहमीसारखा म्हणा. हनुवटी जितक्यांदा खाली येईल तितके ठेके.

स्पेलिंगकडे पाहून मोजू नका. 'स्ट्राँग'मध्ये सहा अक्षरं आणि सुरुवातीला तीन व्यंजनं एकत्र आहेत, तरी ती एकच टाळी. 'लार्ज'च्या शेवटी 'ई' आहे, पण तो बोलला जात नाही, म्हणून एकच. 'वाइड' आणि 'नाइस' देवनागरीत लिहिताना 'आ' आणि 'इ' वेगळे दिसतात, तरीही एकच, कारण दोन्ही एका दमात निघतात.

दुसरी पायरी: एक टाळीचे शब्द

इथे डोळे मिटून शेपटी. टॉलेस्ट, चीपेस्ट, ओल्डेस्ट, शॉर्टेस्ट, डीपेस्ट. बोलताना काही अडचण नाही. अडचण लिहिताना येते, आणि तिला तीनच तोंडं आहेत.

शब्दाच्या शेवटी आधीच 'ई' असेल तर फक्त 'एस-टी' जोडा. लार्ज, सेफ, वाइड यांना दुसरा 'ई' लागत नाही.

शेवटी एकच स्वर आणि त्यानंतर एकच व्यंजन असेल, तर ते व्यंजन दुप्पट होतं. 'बिग' म्हणजे बी-आय-जी. 'बिगेस्ट' लिहिताना 'जी' दोनदा. 'हॉट'चा 'टी' दोनदा, 'थिन'चा 'एन' दोनदा, 'सॅड'चा 'डी' दोनदा. हे पाठ करण्यापेक्षा कारण समजून घ्या. इंग्रजी वाचणारा माणूस, पुढे एक व्यंजन आणि त्यामागे 'ई' दिसला, की आधीचा स्वर लांब वाचायला जातो. 'हॉट'ला एकच 'टी' ठेवून शेपटी लावली तर वाचणारा तिथे 'होटेस्ट' वाचेल. दुसरा 'टी' त्या आखूड स्वराला राखण बसलेला आहे. एकदा हे लक्षात आलं की 'चीप' आणि 'डीप'ला व्यंजन दुप्पट का होत नाही हेही कळतं: तिथे स्वर मुळातच लांब आहे, दोन अक्षरांनी लिहिलेला आहे, त्याला राखणीची गरज नाही. 'ओल्ड' आणि 'शॉर्ट'मध्ये शेवटी दोन व्यंजनं आधीच आहेत. 'स्लो', 'लो', 'न्यू' यांच्या शेवटचा 'डब्ल्यू' हा उच्चारात स्वराचाच भाग आहे, म्हणून तोही दुप्पट होत नाही.

तिसरं तोंड 'वाय'चं. 'ड्राय'चं स्पेलिंग 'वाय' काढून, 'आय' घालून होतं: ड्रायेस्ट. 'ग्रे'मध्ये 'वाय'च्या आधी स्वर आहे, म्हणून तो जागचा हलत नाही. 'शाय'मध्येही 'वाय' ठेवायची रीत आहे. हा अपवाद फार भेटत नाही.

उच्चाराबद्दल दोन शब्द. आपण मराठीत 'एस्ट'वर जोर देतो, बिगेऽस्ट. इंग्रजीत जोर मूळ शब्दावरच राहतो आणि शेपटी हलकी, जवळजवळ 'इस्ट' अशी निघते. दुसरं, 'लाँग', 'स्ट्राँग', 'यंग' यांच्या शेवटी इंग्रज माणूस 'ग' स्पष्ट म्हणत नाही, नाकातल्या आवाजावर थांबतो. पण 'लाँगेस्ट', 'स्ट्राँगेस्ट', 'यंगेस्ट'मध्ये मात्र 'ग' ठळक येतो. आपण मुळातच 'ग' म्हणतो, त्यामुळे इथे आपलं आपोआप बरोबर येतं.

तिसरी पायरी: दोन टाळ्यांचे शब्द

नवशिक्यांचा सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो, आणि तो जाऊ द्यावा, कारण रोजच्या बोलण्यातले खूप शब्द याच गटात आहेत.

शेवटी 'ई' असा उच्चार आणि स्पेलिंगमध्ये 'वाय' असेल तर शेपटी, आणि 'वाय'चा 'आय': हॅपिएस्ट, ईझिएस्ट, हेविएस्ट, बिझिएस्ट, डर्टिएस्ट. हा नियम भरवशाचा आहे. 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' यांच्या शेवटी 'एल-वाय' दिसतं म्हणून ती क्रियाविशेषणं समजू नका. ती विशेषणं आहेत: फ्रेंडलिएस्ट, लव्हलिएस्ट.

'नॅरो', 'सिंपल', 'जेंटल', 'क्लेव्हर', 'क्वाएट' यांनाही शेपटी लागते: नॅरोएस्ट, सिंप्लेस्ट, क्वाएटेस्ट. यांतल्या काहींना 'मोस्ट' लावलेलंही चालतं.

बाकीच्यांना 'मोस्ट'. केअरफुल, यूझफुल, फेमस, मॉडर्न. आणि क्रियापदापासून आलेल्या 'इंग' किंवा 'ईडी' शेवटाच्या शब्दांना नेहमी 'मोस्ट', मग ठेके कितीही असोत: मोस्ट बोरिंग, मोस्ट टायर्ड, मोस्ट बोअर्ड. एक टाळीच्या नियमाला 'बोअर्ड' इथे छेद देतो.

दोन टाळ्यांच्या शब्दात अडलात, आठवेना, आणि समोरचा वाट पाहतोय, तर 'मोस्ट' घेऊन पुढे जा. 'मोस्ट क्लेव्हर' कुणाच्या कानाला खटकणार नाही. 'फेमसेस्ट' खटकेल.

तीन आणि त्याहून जास्त टाळ्यांना सरळ 'मोस्ट': मोस्ट ब्यूटिफुल, मोस्ट एक्स्पेन्सिव्ह, मोस्ट इम्पॉर्टंट. फक्त 'अनहॅपी', 'अनटायडी'सारख्या शब्दांत पुढचा 'अन' मोजू नका. 'अनहॅपिएस्ट' बरोबर आहे.

चौथी पायरी: जे शब्द रूपच पालटतात

गुड आणि वेल, दोघांचंही 'बेस्ट'. बॅड आणि बॅडली, दोघांचंही 'वर्स्ट'. मच आणि मेनी यांचं 'मोस्ट', लिटलचं 'लीस्ट'. फारचं 'फार्देस्ट' किंवा 'फर्देस्ट'. अंतरासाठी दोन्ही चालतात. हे पाठच करायचे, पळवाट नाही. 'बेस्ट'च्या आधी 'मोस्ट' नको. 'द व्हेरी बेस्ट' मात्र शुद्ध आहे, तिथे 'व्हेरी' फक्त जोर देतो.

'लेट'ला दोन वाटा आहेत आणि मराठी बोलणारा तिथे चुकतो. 'लेटेस्ट' म्हणजे अगदी ताजा, नुकताच आलेला: लेटेस्ट न्यूज. 'लास्ट' म्हणजे शेवटचा, ज्यानंतर काही नाही. कसाऱ्याला जाणारी रात्रीची शेवटची लोकल ही 'द लास्ट लोकल'.

पाचवी पायरी: 'सगळ्यांत मोठा' म्हणजे नक्की काय?

व्याकरण बरोबर आणि तरी वाक्य चुकीचं, असं इथे होतं. 'माझा सगळ्यांत मोठा भाऊ' याला बरेच जण 'माय बिगेस्ट ब्रदर' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, अंगापिंडाने आडवातिडवा भाऊ. वयाने मोठा म्हणजे 'एल्डेस्ट' किंवा 'ओल्डेस्ट'. तसंच 'सगळ्यांत लहान बहीण' म्हणजे 'यंगेस्ट सिस्टर', 'स्मॉलेस्ट' नव्हे. मराठीत 'थोरला' आणि 'धाकटा' हे शब्द आहेतच. बोलण्याआधी मनात 'मोठा'च्या जागी 'थोरला' ठेवून पाहा. वाक्य बसलं तर 'एल्डेस्ट' घ्या.

'उंच'चंही तसंच आहे. माणूस, झाड, इमारत यांना 'टॉल', डोंगराला 'हाय'. कळसूबाई महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, १६४६ मीटर: 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.' दुबईची बुर्ज खलिफा ८२८ मीटर, ती 'द टॉलेस्ट बिल्डिंग इन द वर्ल्ड'.

आणि 'सगळ्यांत' दिसला म्हणजे प्रत्येक वेळी सुपरलेटिव्हच लागतो असंही नाही. 'सगळ्यांत आधी मी चहा घेतो' यात नुसतं 'फर्स्ट' पुरतं. 'सगळ्यांत शेवटी' म्हणजे 'लास्ट'. 'सगळ्यांत वरचा कप्पा' म्हणजे 'द टॉप शेल्फ'.

'सगळ्यांत कमी' असेल तेव्हा 'लीस्ट'. तो लांब-आखूड सगळ्या शब्दांपुढे 'मोस्ट'सारखाच बसतो: 'लीस्ट एक्स्पेन्सिव्ह'. २०११च्या जनगणनेत राज्यात सगळ्यांत कमी लोकसंख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची होती. तेव्हा सिंधुदुर्ग 'द लीस्ट पॉप्युलस डिस्ट्रिक्ट इन महाराष्ट्र'. छोट्या शब्दांच्या बाबतीत मात्र 'लीस्ट टॉल'पेक्षा सरळ 'शॉर्टेस्ट' म्हणावं.

सहावी पायरी: आजूबाजूचे छोटे शब्द

शब्दाचं रूप बरोबर आलं तरी वाक्य घसरतं ते आजूबाजूच्या छोट्या शब्दांनी. मराठीत 'द'सारखं काही नाही, म्हणून तो विसरतो. सुपरलेटिव्ह विशेषणाच्या आधी 'द' हवा, कारण सगळ्यांत उंच असा एकच, ठरलेला असतो. पण 'माय', 'हिज', 'इंडियाज' असा मालकी सांगणारा शब्द आला की 'द' निघून जातो: 'माय बेस्ट फ्रेंड', 'इंडियाज लाँगेस्ट बीच'. दोघांना एकत्र बसवता येत नाही.

'मोस्ट पीपल' यात 'द' नाही, कारण तिथे 'मोस्ट'चा अर्थ 'बहुतेक' आहे, 'सगळ्यांत' नाही. तसंच एखाद्या गोष्टीची तुलना तिच्याशीच असेल, इतरांशी नसेल, तर 'द' गळतो: 'द रिव्हर इज डीपेस्ट हिअर', म्हणजे ही नदी इथे सर्वांत खोल आहे. इतर नद्यांचा इथे प्रश्नच नाही.

मराठीत 'महाराष्ट्रात', 'वर्गात', 'भावंडांत' अशा सगळ्यांना एकच 'त' पुरतो. इंग्रजीत त्याची दोन घरं होतात. जागा किंवा गट असेल तर 'इन': अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, 'द लार्जेस्ट डिस्ट्रिक्ट इन महाराष्ट्र', 'द टॉलेस्ट बॉय इन द क्लास'. मोजता येणारी माणसं किंवा वस्तू असतील तर 'ऑफ': 'द यंगेस्ट ऑफ द थ्री सिस्टर्स', 'द बेस्ट ऑफ ऑल'.

'वन ऑफ द' आलं की पुढचं नाम अनेकवचनी. 'मुंबई इज वन ऑफ द बिगेस्ट सिटीज इन द वर्ल्ड.' 'सिटी' नाही, 'सिटीज'. मराठीतही आपण 'मोठ्या शहरांपैकी एक' म्हणतो, 'शहरापैकी' म्हणत नाही. तोच अनुस्वार इंग्रजीत 'एस' होऊन येतो.

नाशिक जिल्ह्यातला साल्हेर उंचीत कळसूबाईच्या खालोखाल येतो. 'दुसऱ्या क्रमांकाचं उंच शिखर' हे इंग्रजीत फार सुटसुटीत होतं: 'द सेकंड हायेस्ट पीक इन महाराष्ट्र'. 'थर्ड लार्जेस्ट', 'फोर्थ ओल्डेस्ट' असं पुढे कितीही नेता येतं.

आणि 'मी आजवर पाहिलेला सगळ्यांत चांगला सिनेमा'. मराठीत सगळं वर्णन नामाच्या आधी येतं. इंग्रजीत ते नामाच्या मागे जातं आणि 'आजवर'साठी 'एव्हर' येतो: 'द बेस्ट फिल्म आय हॅव एव्हर सीन.' हा साचा तोंडात बसवा, रोज लागतो.

सातवी पायरी: क्रियाविशेषणं

विशेषण माणसाबद्दल किंवा वस्तूबद्दल सांगतं, क्रियाविशेषण काम कसं झालं ते सांगतं. 'एल-वाय' लावून तयार झालेल्या क्रियाविशेषणांना 'मोस्ट': मोस्ट केअरफुली, मोस्ट क्लिअरली, मोस्ट क्विकली. 'क्विकलिएस्ट' असा शब्द नाही.

काही क्रियाविशेषणं मात्र विशेषणासारखीच दिसतात आणि त्यांना शेपटी लागते: फास्ट, हार्ड, अर्ली, सून, हाय, नीअर. 'अर्ली'च्या शेवटी 'एल-वाय' दिसलं तरी तो जोडलेला प्रत्यय नाही, म्हणून 'अर्लिएस्ट'. युसेन बोल्ट २००९ साली बर्लिनमध्ये शंभर मीटर ९.५८ सेकंदांत धावला. त्या दिवशी 'ही रॅन फास्टेस्ट'. इथे 'द' लावला काय, नाही लावला काय, दोन्ही चालतं.

'हार्ड'जवळ जपून. 'शी वर्क्स हार्डेस्ट' म्हणजे ती सगळ्यांत जास्त मेहनत करते. 'हार्डली' हा त्याच घरातला शब्द असला तरी त्याचा अर्थ 'जेमतेम, जवळजवळ नाहीच' असा आहे. 'शी हार्डली वर्क्स' म्हटलंत तर मेहनती बाईला आळशी ठरवलंत. मुलाखतीत हे वाक्य फार महागात पडतं, म्हणून ते आधी घोटून घ्यावं.

दहावीच्या मुलांसाठी एक गोष्ट

'डिग्री बदला' या प्रश्नात 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र' याचं कंपॅरेटिव्ह होतं 'कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र', आणि पॉझिटिव्ह होतं 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई'. मार्क जातात ते 'अदर' गाळल्याने. कळसूबाईसुद्धा महाराष्ट्रातलं शिखरच आहे. 'अदर' नसेल तर ती स्वतःहूनही उंच ठरते. पण 'एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र' यात 'अदर' नको, कारण एव्हरेस्ट महाराष्ट्रात नाही. वाक्यात 'वन ऑफ द' असेल, तर पॉझिटिव्ह करताना 'व्हेरी फ्यू'ने सुरुवात करा: 'व्हेरी फ्यू सिटीज इन द वर्ल्ड आर ॲज बिग ॲज मुंबई.'

करून पाहा

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत म्हणा, मगच उत्तर वाचा.

माझी सगळ्यांत धाकटी बहीण घरात सगळ्यांत लवकर उठते.
'माय यंगेस्ट सिस्टर गेट्स अप अर्लिएस्ट इन अवर हाउस.' 'माय' आहे म्हणून 'द' नाही. वय आहे म्हणून 'यंगेस्ट'. घर ही जागा म्हणून 'इन'.

चंद्रपूर हे देशातल्या सगळ्यांत उष्ण शहरांपैकी एक.
'चंद्रपूर इज वन ऑफ द हॉटेस्ट सिटीज इन इंडिया.' लिहिताना 'टी' दोनदा, आणि 'सिटीज' अनेकवचनी.

मी आजवर वापरलेला हा सगळ्यांत उपयोगी ॲप.
'धिस इज द मोस्ट यूझफुल ॲप आय हॅव एव्हर यूज्ड.'

सगळ्या ड्रायव्हरांमध्ये तो सगळ्यांत जपून गाडी चालवतो.
'ऑफ ऑल द ड्रायव्हर्स, ही ड्राइव्ज मोस्ट केअरफुली.' माणसं मोजता येतात म्हणून 'ऑफ'. चालवण्याची रीत सांगायची आहे म्हणून 'केअरफुली'. पण 'तो सगळ्यांत सावध ड्रायव्हर आहे' म्हणायचं असेल तर वर्णन कामाचं न राहता माणसाचं होतं, आणि 'द' परत येतो: 'ही इज द मोस्ट केअरफुल ड्रायव्हर.'